वजनाखालचं शिसं

पपांनी एका पारड्यात कोरी फ्लॉपी ठेवली, दुसऱ्या पारड्यात इथनदादाची भरलेली, आणि काटा हलायचा थांबेपर्यंत आमच्यातल्या कोणी घासही गिळला नाही.

काटा बरोबर मधोमध थांबला.

"बघितलंत, भावोजी?" सॅमसनमामाने टेबलावर थाप मारली. "वजन तेवढंच. ज्याचा माल होता त्याच्याकडे तो आहेच. मग चोरी झाली कुठे? तिकडे इस्रायलला, आमच्या अश्दोदमध्ये, शेजारी शेजाऱ्याला साखर देतो तशा फ्लॉप्या देतात."

"बाजारात सगळे असंच करतात, हे मला गेली तीस वर्षं ऐकवताहेत," पपा म्हणाले आणि काटा काचेच्या पेटीत ठेवायला लागले. पपा वजनमापं निरीक्षक. पनवेलच्या बाजारातलं एकही वजन त्यांनी उलटं करून बघितलं नाही असं नाही. जेवायच्या टेबलावर तराजू फक्त आमच्याच घरात येऊ शकतो.

"मग दादा, सत्यजीत चोर, तर आपण कोण?" मी विचारलं.

आईने लगेच माझ्या ताटात वाल वाढले. मला वाल आवडत नाहीत हे तिला पक्कं माहीत आहे.

पण मी चुकीचं काय बोलले? आमच्या पुढच्या खोलीत दादाचे कॉम्प्युटरचे क्लास चालायचे. एक मशीन, दोन स्टुलं आणि शिकायला येणाऱ्या मुलांच्या पावडरचा वास. सत्यजीत त्याचा पार्टनर होता. दादाने वर्षभर खपून किराणा दुकानदारांसाठी मालाचा, वजनाचा हिशोब ठेवणारा एक प्रोग्राम लिहिला, आणि दिवाळीत सत्यजीत त्याची प्रत घेऊन पसार झाला. वरचं दादाचं नाव खोडून स्वतःचं घातलं आणि बाजारात खुशाल विकत सुटला. तेव्हापासून घरात सत्यजीतचं नाव निघालं की दादा ओरडायचा, चोर! आणि ओरडून झालं की मामाने अश्दोदहून आणलेल्या पेटीतल्या फ्लॉप्यांवर मुलांना शिकवायचा. त्या पेटीतलं काहीही कोणी विकत घेतलेलं नव्हतं. दादाने तो प्रोग्राम लिहिला तो कंपायलरही, म्हणजे आपण लिहिलेल्या ओळींचा चालता प्रोग्राम करून देणारं अवजार, असाच कोणाकडून तरी उतरवून घेतलेला.

आणि आज चार वाजता विश्वजीत दामले येणार होते.

हे शेजारच्या सुनंदाकाकूंचे नवे जावई. अंधेरीच्या कंपनीत साहेब, पहिल्या संक्रांतीला सासुरवाडीला आलेले. काकूंनी गळ घातली म्हणून ते दादाचा प्रोग्राम बघायला तयार झाले होते. आवडला तर नोकरी. पण फोनवर त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "आमची गिऱ्हाइकं परदेशातली आहेत. प्रोग्राम कशावर लिहिलास, ते विकतचं होतं की कॉपी केलेलं, हे मी प्रत्येकाला विचारतो. कॉपीवाल्यांना आमच्याकडे घेत नाहीत."

"सांग की कॉलेजच्या लॅबमध्ये लिहिला," मामा म्हणाला. "कोण तपासणार आहे? आणि नाही जमलं तर माझ्याबरोबर चल. तिकडे अशा पोरांना कंपन्या दारातून उचलून नेतात."

आईच्या हातातला डाव पातेल्यावर वाजला.

तिची बाजू मला माहीत होती. तिचे तीन भाऊ आणि एक बहीण तिकडे गेले. प्रत्येक जण जाताना म्हणाला, दोन वर्षांनी येते, येतो. आता घरात येतात ते त्यांच्या मुलांच्या लग्नाचे फोटो. दादाला इथे नोकरी लागली तर मलिदा करीन, असा तिने एलियाहू हन्नाबीला, आमच्या संदेष्ट्याला, नवस बोलला होता. पोहे, खोबरं, गूळ, फळं, सगळ्यांना बोलावून प्रार्थना. पोह्यांचा डबा तिने आधीच भरून ठेवला होता. म्हणून मामाने सुचवलेल्या खोट्यावर ती काहीच बोलली नाही. आणि आई बोलली नाही की तिने मान डोलावली असं आमच्या घरात धरतात.

राहिले पपा.

"पपा," दादा ताटाकडे बघत म्हणाला, "चार वाजता तुम्ही... जरा बाजारात जाऊन याल?"

"कशाला?"

दादा वालाचा एकेक दाणा ताटाच्या कडेला लावत राहिला. पपांना उत्तर मिळालं. त्यांनी हात धुतले, टॉवेलला पुसले, पुन्हा पुसले. "माझं घर आहे," एवढंच म्हणाले.

*

चार वाजता दामले आले. उंच, गोरे, कपाळावर घाम. काकूंनी फराळाला बसवून ठेवलं असणार. पपा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, मामा दारात उभा राहिला, आई पडद्यामागे आणि मी सरळ दादाच्या पाठीशी. मी दहावीत आहे आणि मला प्रोग्रामची सगळी बटणं पाठ आहेत, मी कशाला पडद्यामागे उभी राहू?

शुक्रवारी सूर्य मावळला की आम्हा ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे कामबंदीचा दिवस, लागतो; त्याची तयारी असते म्हणून क्लास बंद, त्यामुळे मशीन आदल्या दिवसानंतर तेव्हाच सुरू झालं. दादाने प्रोग्रामचं नाव टाइप केलं. एंटर दाबलं.

मशीनने उत्तर दिलं, असा काही प्रोग्राम नाही.

दादा हसला. "टायपिंग मिस्टेक, सर." पुन्हा एकेक अक्षर बघून टाइप केलं. नाही.

"काल होता!" मी म्हणाले.

"रुबी, गप." त्याने खणातून जपून ठेवलेली दुसरी प्रत काढली, फ्लॉपी आत सरकवली. मशीनचं छोटं दार बंद केलं. मशीन घरघरलं. असा काही प्रोग्राम नाही. यादी बघितली तर फ्लॉपीवरून नाव गायब. आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत.

"लिहिलेल्या ओळी आहेत ना?" दामले म्हणाले. "परत बनव."

ओळी होत्या. दादाने कंपायलर चालवला, तर कंपायलर उडाला. मामाच्या पेटीतली त्याची दुसरी प्रत घातली, तीही उडाली. दादाची मान मागून लाल झालेली मला दिसत होती. तो ज्याला हात लावत होता ते मरत होतं. तो जितका घाबरत होता तितकी नवी फ्लॉपी घालत होता, आणि त्याची बोटं इतकी भराभर चालत होती की थांब म्हणायलाही कोणाला फट मिळेना.

दामल्यांनी घड्याळात बघितलं नाही, एवढा माणूस चांगला. "असं कर," ते उठत म्हणाले, "मी परवा सकाळी जाणार. उद्या संध्याकाळी येतो तिळगूळ द्यायला. कुठे एखादी प्रत मिळाली तर बघू."

ते गेले, आणि तो प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यामुळे कोणाला सुटल्यासारखं वाटलं असेल तर ते फक्त पपांना, असं मला वाटलं. पण पपांकडे बघितलं तर ते उडालेल्या फ्लॉपीकडे टक लावून बसले होते.

"एक प्रत आहे," मी म्हणाले. "कुठे आहे ते मला माहीत आहे."

"कुठे?" दादा ओरडला.

"किराणावाल्या कृष्णकांतशेठकडे. सत्यजीतने विकलेली."

दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. दोन महिने ज्या प्रतीला शिव्या घातल्या, तीच!

सायकल काढली ती थेट मिरची गल्लीत. दुकानाच्या पायरीवर शेठकडे कामाला असलेली हौसा तांदूळ निवडत बसली होती. "पोरी, शेठ आत हाय," ती म्हणाली, "पर आज लई चिडलाय." शेठ मला बघून चिडायचे विसरले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग काट्यावरच्या वजनांकडे.

"साहेबांनी पाठवलं?"

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. "तुमच्या कॉम्प्युटरमधल्या हिशोबाच्या प्रोग्रामची फ्लॉपी हवी आहे, एका दिवसासाठी."

"एवढंच?" शेठचा श्वास सुटला. "घेऊन जा बेटा. साहेबांना नमस्कार सांग हां."

*

पुढचं मी आईच्या बाजूने सांगते, कारण तिने ते मला दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना सांगितलं.

मी धापा टाकत घरात शिरले तेव्हा ती दिव्यात तेल घालत होती. खिडकीतून समोरच्या गच्चीवर पतंग दिसत होते आणि उन्हाची पट्टी भिंतीवरून जवळजवळ गेली होती. मी फ्लॉपी दादाच्या हातात दिली. त्याच क्षणी तिने वाती लावल्या. डोळ्यांवर हात घेतले, बराखा, म्हणजे दिव्यांची प्रार्थना, म्हटली. हात खाली केले तर पुढच्या खोलीत दादा फ्लॉपी मशीनमध्ये घालत होता.

"इथन. शब्बाथ लागला."

"आई, एक मिनिट."

"हात काढ."

"मशीन आधीपासून चालू आहे! मी काही पेटवत नाहीये, फक्त बटण दाबतोय!"

"तेच ना. बटण दाबायचं नाही."

"ताई," मामा मध्ये पडला, "अगं, मी तिकडे शब्बाथला गाडी चालवतो. जेरुसलेमपासून तासाभरावर राहतो मी, आणि तू पनवेलला बसून..."

"तू चालव. तू तिकडचा," आई म्हणाली. "माझ्या पणजोबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. गिऱ्हाईक दारात बरणी घेऊन उभं राहिलं तरी बंद. तुझा हा डबा त्या घाण्यापेक्षा मोठा नाही."

"म्हणजे माझी नोकरी गेली तरी चालेल!" दादाचा आवाज फुटला. "आणि मग मामाबरोबर गेलो की रडत बसशील!"

भांडी पुसताना आई मला म्हणाली, तिथे मी अडलेच. कारण तो बोलला ते खरं होतं. एक बटण. ते दाबू दिलं तर तो राहील, न दाबू दिलं तर जाईल, असंच तिला तेव्हा वाटत होतं. तिने पपांकडे बघितलं. ते नेहमी म्हणायचे, शब्बाथ तुझं खातं आहे, रिवका, मी त्यात पडत नाही. आणि दुपारी तर तीच त्यांच्या विरुद्ध बसली होती.

पपा उठले. मशीनपाशी गेले, फ्लॉपी बाहेर ओढली आणि शर्टाच्या खिशात घातली. "उद्या तारे दिसले की मिळेल."

दुपारी तिघं एकीकडे आणि पपा एकटे, असं होतं. आता पपा आणि आई एकीकडे, दादा आणि मामा एकीकडे. आणि मी? मी सायकल इतकी हाणली होती, मी दादाच्या बाजूने होते, पण आई दिव्यांकडे पाठ करून दादाकडेच बघत राहिली होती ती मलाच दिसली. मग मी आत जाऊन पाणी पीत बसले.

*

शनिवार उजाडला. मामाने बॅग उघडून कपड्यांच्या परत घड्या घातल्या. दादा त्याच्यापाशी बसून विचारत होता, पासपोर्टला किती दिवस लागतात, तिथे हिवाळ्यात स्वेटर पुरतो का. मोठ्याने विचारत होता, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं. मामाने मला मागाहून सांगितलं, की पहिल्या प्रश्नाला त्याला फार आनंद झाला. इतके दिवस तो यासाठीच तर बसला होता. दुसऱ्या प्रश्नाला त्याने आत बघितलं. ताई पाठमोरी उभी होती आणि तिची मान त्यांच्या आईसारखी एका बाजूला कलली होती. विमानतळावर त्याला पोचवायला आलेली त्यांची आई अशीच उभी होती. "स्वेटर पुरतो," तो म्हणाला, आणि पुढचं बोलायचं त्याने टाळलं.

तारे दिसले. आईने शब्बाथ सोडला. पपांनी खिशातली फ्लॉपी काढून दिली, दिवसभर छातीशी ठेवून कोमट झालेली.

दामले आले ते तिळगुळाची वाटी घेऊन, कॉलरमध्ये हलव्याचा एक दाणा अडकलेला. सासूने नटवलं होतं वाटतं! मला हसू आलं, पण खोलीत हसण्यासारखी हवा नव्हती. दादाचं बोट एंटरवर होतं आणि दाबत नव्हतं. कालपासून ते बोट ज्याला लागलं ते गेलं होतं.

"दाब," आई पडद्याच्या पुढे येऊन म्हणाली.

मशीन घरघरलं. प्रोग्राम उघडला.

मी किंचाळलेच! दामले पुढे वाकले, माल घातला, वजनं घातली, बेरजा बघितल्या, परत घातल्या. "छान आहे. फारच छान आहे," ते म्हणाले. "पण काल झालं काय होतं?" आणि मग स्वतःच थांबले. "काल तारीख किती होती? तेरा. शुक्रवार. अरे देवा! पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात काळा चौकोन येतो का रे तुझ्या?"

"येतो की," मी म्हणाले. "आम्हाला वाटलं मशीन जुनं झालं."

"व्हायरस आहे. तेरा तारखेला शुक्रवार आला की त्या दिवशी जो प्रोग्राम चालवाल तो पुसून टाकतो. एरवी नुसता मशीन रखडवतो. काल ही फ्लॉपी घातली असती तर हीसुद्धा गेली असती. तुम्ही काल का नाही घातली?"

आई जमिनीकडे बघत होती. दादा आईकडे बघत होता.

"पहिल्यांदा सापडला जेरुसलेममध्ये, म्हणून नावही तेच," दामले म्हणाले. "कॉपी केलेल्या फ्लॉप्यांतून फिरतो."

आम्ही सगळ्यांनी एकदम मामाच्या पेटीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" मामा म्हणाला. "मी अश्दोदला राहतो!" पण पेटी त्याने हळूच पायाने पलंगाखाली सारली.

"एक आहे मात्र," दामल्यांचा आवाज बदलला. त्यांनी पडद्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. सत्यजीत सॉफ्टवेअर, पनवेल. "हा तर दुसऱ्या कोणाचा आहे."

"नाही सर! माझा आहे, त्याने नाव बदललं," दादा म्हणाला. म्हणाला खरं, पण मलासुद्धा ते खोटं वाटावं असं म्हणाला. पार्टनर गेला, प्रती उडाल्या, उरलेल्या एकीवर नाव दुसऱ्याचं. कोण विश्वास ठेवील?

तेव्हा कोपऱ्यातून पपा बोलले. "इथन. उलटं कर."

दामल्यांना कळलं नाही. मला कळलं. वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, आणि निरीक्षक शिक्का मारतो तो त्या शिशावर. वर दुकानदाराने काहीही रंगवावं, पपा वजन उलटं करून शिसं बघतात.

दादाने पपांकडे बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"माहीत नाही. तू माझ्याबरोबर लहानपणी बाजारात फिरायचास. म्हणून म्हटलं, असेल."

दादाने मालाचं नाव कोरं ठेवलं. वजन शून्य घातलं. एंटर दाबलं. हिशोबाची सगळी पानं सरकली आणि मधोमध, इंग्रजी अक्षरांत एकच ओळ आली. तपासले, मनासे आपटेकर. पपांचं नाव.

सत्यजीतने वरचं नाव तेवढं बदललं होतं. आतल्या ओळी त्याने कधी वाचल्याच नव्हत्या.

पपांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तीच ओळ परत वाचली. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या लोखंडावर सरकारचा शिक्का मारला. त्यांचं नाव मात्र कशाखालीच नव्हतं.

"पटलं," दामले म्हणाले. "प्रोग्राम तुझाच. आता नेहमीचा प्रश्न. हा लिहिलास कशावर?"

आला प्रश्न. मामाने दारातून दादाला खूण केली, लॅब, लॅब. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. एक शब्द. कॉलेज. एवढा एक शब्द आणि दादा अंधेरीला, आईजवळ, मलिदा उद्याच!

आणि पपा उठले.

"मी जरा बाजारात जाऊन येतो," ते म्हणाले. कोणाकडे न बघता चपला शोधायला लागले. शनिवारी संध्याकाळी, संक्रांतीच्या दिवशी, बाजारात त्यांचं काय काम? त्यांनी एका दुकानदाराला कधी पाव किलो सोडलं नाही, आणि आज मुलाला खोटं बोलता यावं म्हणून ते स्वतःच्या घरातून बाहेर निघाले होते. एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना.

"पपा," दादा म्हणाला. "बसा."

"तू बोल. मी येतोच."

"बसा ना, पपा."

पपा एका पायात चप्पल घालून खुर्चीत बसले.

"सर, कंपायलर कॉपी केलेला आहे," दादा म्हणाला. "मशीनमध्ये जे जे आहे ते कॉपी केलेलं आहे. विकतचं काहीच नाही. मी सत्यजीतला चोर म्हणतो, पण त्याने जे माझं केलं तेच मी दुसऱ्यांचं करत आलो. फक्त त्यांचं शिसं बघायला मी कधी उलटं केलं नाही."

बाहेर कोणीतरी 'काटली रे' म्हणून ओरडलं. खोलीत मामाचा एक लांब उसासा ऐकू आला.

दामल्यांनी वाटीतला तिळगूळ उगाच इकडचा तिकडे केला. "हे बघ इथन, नियम माझा नाही. सोमवारी मला वरच्या साहेबांना सांगावं लागेल. कॉपी होती हे सांगेन. मी विचारल्यावर तू काय उत्तर दिलंस, तेही सांगेन. ते काय म्हणतील ते मला खरंच माहीत नाही." मग पपांना वाकून नमस्कार केला, आईच्या हातात तिळगूळ दिला आणि गेले.

मामाने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. तिकिटाबद्दल काही बोलेल असं मला वाटलं. "स्वेटर पुरत नाही तिकडे," तो म्हणाला. "फार थंडी असते."

पपांनी फ्लॉपी मशीनमधून काढली. हातात धरली, आणि सवयीने उलटी केली.

मी स्वयंपाकघरात गेले तर आईने सूप काढलं होतं आणि पोह्यांचा डबा उघडून ती पोहे निवडायला बसली होती.

"आई, नवस नोकरी लागली तर होता ना? अजून कुठे लागली आहे?"

तिने एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मग काय, एलियाहू हन्नाबीला सोमवारपर्यंत ताटकळत बसवू?" ती म्हणाली. "नारळ फोडायला घे. आणि त्यांची दुसरी चप्पल तिथे मोरीपाशी आहे, ती नेऊन दे."